व्रणरोपण : द्रव्याआधी अवस्था

व्रणावर काय लावावे, हा प्रश्न वैद्याला वारंवार विचारला जातो. रुग्ण विचारतो, त्याचे नातेवाईक विचारतात, आणि औषधालयाच्या गल्ल्यापाशी उभा राहून एखादा गृहस्थ ‘जखम भरून येण्याचे तेल द्या’ अशी थेट मागणीच करतो. उत्तरादाखल बहुधा एखाद्या वनस्पतीचे अथवा तयार औषधाचे नाव सांगितले जाते. हळद, कोरफड, कडुनिंब, मंडूकपर्णी ही नावे आता सर्वतोमुखी झाली आहेत. या वनस्पतींचे अर्क घातलेली मलमे, जेल व फवारेही औषधालयांच्या फडताळांत मानाने विराजमान झालेले दिसतात.

आपल्या शास्त्रातील द्रव्यांना असा मान मिळावा, याचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु या आनंदात एक मूलभूत गोष्ट मागे पडू लागली आहे, असे आमचे नम्र मत आहे. व्रणचिकित्सेत पहिला प्रश्न ‘कोणते द्रव्य?’ हा नसून ‘व्रण कोणत्या अवस्थेत आहे?’ हा आहे. द्रव्य, कल्प आणि पट्टी यांचा निर्णय त्यानंतरचा होय. हा क्रम उलटला की उत्तम प्रतीचे औषधही निष्फळ ठरते, आणि मधुमेही रुग्णाच्या बाबतीत त्याची किंमत पाऊल गमावून मोजावी लागू शकते. प्रस्तुत लेखात या क्रमाचा वैद्य व औषधनिर्माते या दोघांच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

संहितांनी घालून दिलेला क्रम

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, द्विव्रणीय चिकित्सेत, व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात छत्तीस उपक्रम आहेत. अपतर्पणापासून रक्षाविधानापर्यंत पसरलेल्या सुश्रुताच्या या यादीत शोधन व रोपण या दोन्ही कर्मांचा विचार आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात शुद्ध, रुह्यमान आणि सम्यक् रूढ अशा व्रणांची लक्षणे पृथक्पणे दिली आहेत. म्हणजे व्रण भरण्याची प्रक्रिया ही एकच सलग घटना नसून तिचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांनी ओळखता येतो, ही दृष्टी आपल्याकडे फार पूर्वी स्थिर झालेली होती.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही रक्तस्तंभन, शोथ, नवधातुनिर्मिती आणि पुनर्रचना असे टप्पे मानते. दोन्ही मांडण्यांची ओढूनताणून जोडी लावण्याची आवश्यकता नाही. परंतु जो व्रण शोथाच्या टप्प्यातच अडकून पडला आहे, ज्यात मृत धातू आहे, ज्याच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर बसला आहे, तो व्रण वरून कितीही पोषक द्रव्ये लावली तरी पुढे सरकत नाही, याविषयी दोन्ही शास्त्रांत मतभेद नाही.

सुश्रुताने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दिलेला इशारा तर प्रत्येक चिकित्सालयात लिहून लावण्याच्या योग्यतेचा आहे. आत दोष शिल्लक असताना घाईने व्रणाचे रोपण करू नये, कारण असा व्रण थोड्याशा अपचाराने आतल्या आत पोकळी करून पुन्हा बिघडतो, असा त्याचा आशय आहे. भगंदराचे अथवा नाडीव्रणाचे रुग्ण पाहणाऱ्या वैद्यांना या इशाऱ्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. वरची त्वचा मिटलेली, रुग्ण समाधानी, आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा ठणका सुरू, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे.

एक कल्क, दोन कर्मे

द्रव्य तेच असूनही कर्म कसे बदलते, याचे एक सुंदर उदाहरण तिलकल्काचे आहे. द्विव्रणीय चिकित्सेत तिळाचा कल्क निंबपत्र व मध यांच्यासह शोधनासाठी सांगितला आहे. त्याच मिश्रणात घृत मिळविले की तोच कल्क रोपणाचे कार्य करतो. एका स्नेहाच्या योगाने कर्म पालटते.

अर्कांच्या आजच्या व्यवहारात नेमका हाच विचार गळून पडला आहे. ‘हळदीचा अर्क’ एवढे म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. तो जलीय आहे, जलमद्यीय आहे की तैलसिद्ध? जेलमध्ये आहे की मेणाच्या मलमात? स्राव पाझरत असलेल्या व्रणावर दाट स्निग्ध मलम थापले तर स्राव कोंडतो आणि कडेची त्वचा पांढरी पडून भिजल्यासारखी होते. कोरड्या, रुक्ष, वेदनायुक्त व्रणावर अवचूर्णन केले तर त्याची रुक्षता वाढते आणि पट्टी सोडवताना नवे मांसांकुर खरवडले जातात. सुश्रुताने शोधन व रोपण यांसाठी कषाय, वर्ती, कल्क, घृत, तैल, चूर्ण व रसक्रिया असे विविध कल्प सांगितले, त्यामागे ग्रंथविस्ताराची हौस नव्हती. व्रणाची खोली, स्राव आणि स्थान पाहून कल्प निवडता यावा, हा त्यामागचा हेतू होय. खोल नाडीत वर्ती पोहोचते, तेथे लेप पोहोचत नाही. धावनासाठी पंचवल्कल अथवा त्रिफळा यांचा क्वाथ उपयोगी पडतो, तेथे तेलाचे काम नाही.

हळद आणि लेखी पुरावा

हरिद्रेचे व्रणघ्न कर्म घराघरांत ठाऊक आहे. तिच्यातील कर्क्युमिन हे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे आणि स्नेहात विरघळणारे द्रव्य असल्याने तिचे सिद्ध तेल अथवा घृत करण्याच्या परंपरेला रासायनिक आधारही मिळतो. तथापि डब्यातील स्वयंपाकाची हळद उघड्या व खोल जखमेत भरणे ही वेगळी गोष्ट आहे. ती निर्जंतुक नसते, मातीतील बीजाणू तिच्यात असू शकतात, आणि भेसळीचे रंगही आढळतात. अशी जखम घेऊन आलेल्या रुग्णास आधी स्वच्छ धावन आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी या दोन गोष्टी आवश्यक आहेत. यात शास्त्राचा कोणताही अधिक्षेप होत नाही.

हळदीच्या पेटंटचा इतिहास या संदर्भात पुन्हा स्मरणे उचित ठरेल. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून आणण्यासाठी हळदीचा वापर करण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्यात आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांसह बत्तीस संदर्भ सादर केले, त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभा राहिला, त्याची प्रेरणाही अशाच प्रकरणांतून मिळाली.

या विजयाचा अभिमान सर्वांना आहे, पण त्यातील एक बोध अनेकदा निसटतो. ‘आमच्या आजीला हे माहीत होते’ या विधानावर तो वाद जिंकला गेला नाही. तो लिहून ठेवलेल्या आणि छापलेल्या नोंदींवर जिंकला गेला. आज आपल्या चिकित्सालयांत रोज जे व्रण भरून येतात, त्यांपैकी कितींची लेखी नोंद आपल्याजवळ आहे, हा प्रश्न आम्ही वैद्यबंधूंना विचारू इच्छितो.

मध, कोरफड, मंडूकपर्णी

लेखी नोंद केली तर काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी दग्धव्रणावर मधाचा वापर करून १०४ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास १९९१ साली ब्रिटिश शल्यनियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात ५२ रुग्णांना मध आणि ५२ रुग्णांना सिल्व्हर सल्फाडायझिन लावण्यात आले होते. मधाच्या गटात ८७ टक्के, तर दुसऱ्या गटात १० टक्के व्रण पंधरा दिवसांत भरल्याचे त्यांनी नोंदविले. मधाविषयी पुढे जगभर जे संशोधन झाले, त्यात या कामाचा उल्लेख वारंवार येतो. २०१५ मधील कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष मात्र संयत आहे. उथळ व मध्यम खोलीच्या दग्धव्रणांत आणि शस्त्रक्रियेनंतर दूषित झालेल्या व्रणांत मधाचा लाभ दिसतो, इतर व्रणांबाबत पुरावा पुरेसा नाही. म्हणजे मधाचा विचारही अखेर व्रणाच्या प्रकाराशी आणि अवस्थेशी येऊन थांबतो. व्रणासाठीचा मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असावा, कारण कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात. तो तापवून निर्जंतुक करण्याचा प्रयत्न केल्यास त्यातील उपयुक्त विकर नष्ट होते.

कोरफडीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. किरकोळ दाहावर कुमारीचा गर शीत व सुखकर वाटतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. परंतु पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उकललेल्या आणि तळापासून भरू दिलेल्या जखमांवर कोरफडीचे जेल वापरून केलेल्या एका अभ्यासात (१९९१) नेहमीच्या उपचाराने सरासरी ५३ दिवसांत भरणाऱ्या जखमांना जेलच्या गटात ८३ दिवस लागले. अभ्यास लहान होता, त्यावरून कुमारीला दोष देणे योग्य नव्हे. तथापि भाजल्यावर उपयोगी ते खोल व्रणावरही उपयोगीच, हे गृहीतक त्याने नक्कीच डळमळीत केले. निर्मात्यांसाठी आणखी एक सूचना अशी की, पानाच्या सालीखालचा पिवळा चीक गरापासून काळजीपूर्वक वेगळा करावा. त्यातील अ‍ॅलोइन त्वचेस क्षोभकारक ठरू शकते.

मंडूकपर्णीपासून १९४१ साली एशियाटिकोसाइड वेगळे करण्यात आले आणि पुढे फ्रान्समध्ये तिच्या अर्काची मलमे प्रचारात आली. तंतुजनक पेशींकडून कोलॅजनची निर्मिती वाढविणे हे तिच्या अर्काचे प्रमुख कार्य मानले जाते. अर्थात ते रुह्यमान अवस्थेतील काम आहे, दुष्ट व्रणातील नव्हे. काही व्यक्तींना तिची संपर्कजन्य अ‍ॅलर्जी होते, हेही ध्यानात ठेवावे. येथे ओळखीचा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडील बाजारात ‘ब्राह्मी’ या नावाने मंडूकपर्णी म्हणजे कारिवणा येते, आणि कधी बाकोपा म्हणजे जलब्राह्मीही येते. एशियाटिकोसाइड हवे असेल तर मागणीपत्रावर ‘ब्राह्मी’ लिहून भागणार नाही. वनस्पतिशास्त्रीय नाव आणि उपयुक्तांग दोन्ही लिहिणे आवश्यक आहे.

जात्यादि तेलाची परीक्षा

व्रणासाठी सर्वाधिक वापरला जाणारा आपला कल्प म्हणजे शार्ङ्गधरसंहितेतील जात्यादि तेल. जाती, निंब, पटोल व करंज यांची पाने, मधुयष्टी, कुष्ठ, हरिद्रा, दारुहरिद्रा, मंजिष्ठा, कटुका, पद्मक, लोध्र, हरीतकी, नीलोत्पल, सारिवा, करंजबीज, तसेच मेण आणि तुत्थ असा हा योग आहे. शोधन करणारी तिक्त पाने, रोपण करणारी मधुर-कषाय द्रव्ये आणि लेखन करणारे तुत्थ यांची त्यात मोठी कौशल्यपूर्ण जुळणी आहे. व्रण शुद्ध झाला आहे, पण तळाशी थोडा लेप उरला आहे, अशा संधिकाळात या तेलाचा गुण विशेष दिसतो.

मात्र एकाच नावाची तीन ठिकाणची तेले शेजारी ठेवून पाहावीत. एकाचा रंग हिरवट, दुसऱ्याचा तांबूस, तिसऱ्याला जळका वास, असा अनुभव येतो. यामागील कारणे बहुधा पुढील तीन जागी सापडतात.

पहिली जागा कच्च्या मालाची. दारुहरिद्रेच्या जागी दक्षिणेकडील झाडहळद म्हणजे कोसिनियम येते, सारिवेच्या जागी भलतीच वेल येते, चमेलीच्या पानांऐवजी कोणत्याही जाईजुईची पाने भरली जातात. कुष्ठ ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने लागवडीचा माल आणि त्याची कागदपत्रे यांचा आग्रह धरावा लागतो.

दुसरी जागा पाकाची. कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग हे प्रमाण आणि बाह्य उपयोगासाठी खरपाक हे सर्वांना पाठ असते. पण खरपाक आणि दग्धपाक यांत फार थोडे अंतर असते, आणि मोठ्या कढईत ते अंतर पाहता पाहता ओलांडले जाते. वर्ती वळली, अग्नीवर टाकल्यावर तडतड झाली नाही, फेस आला, की त्या क्षणी आच थांबली पाहिजे. मेण गाळलेल्या गरम तेलात विरघळवावे.

तिसरी जागा तुत्थाची. ते शोधित असावे, मोजून घातलेले असावे आणि प्रत्येक घाण्यात त्याचे प्रमाण सारखे असावे. औषधकोशाने शिसे, पारा, आर्सेनिक व कॅडमियम यांच्या मर्यादा दिल्या आहेत. तेवढ्या चाचणीवर समाधान मानल्यास ताम्राचा विचार राहून जातो. फॉस्फरसच्या दाहावर पूर्वी तुत्थाचे द्रावण वापरले जाई आणि त्यातून शोषलेल्या ताम्रामुळे रक्तकणांचा नाश झाल्याच्या नोंदी आहेत. तेलातील अल्प तुत्थाची तुलना त्याच्याशी होऊ शकत नाही. तरीही विस्तृत दग्धव्रणावर, विशेषतः बालकांत, तुत्थयुक्त कल्प टाळणे शहाणपणाचे होय.

मुदतीविषयीही दोन शब्द. घृत-तैलांचे वीर्य एक वर्ष चार महिन्यांनंतर उणावते, असे शार्ङ्गधराने सांगितले आहे. आज नियम १६१-ब अन्वये लेबलावर मुदत छापावी लागते. परंतु बाटली उघडल्यानंतर तीच बाटली चार रुग्णांच्या व्रणावर कापसाच्या बोळ्याने फिरत असेल, तर छापील मुदतीला काही अर्थ उरत नाही. निर्मात्यांनी व्रणतेल दहा-पंधरा मिलीलीटरच्या लहान बाटल्यांतही उपलब्ध करावे, अशी आमची सूचना आहे.

मधुमेही व्रण : जेथे विलंब चालत नाही

कुष्ठी, विषपीडित, शोषी आणि मधुमेही यांचे व्रण कष्टसाध्य असतात, असे सुश्रुताने स्पष्ट म्हटले आहे. आज आपल्याकडे येणाऱ्या चिरकारी व्रणांत मधुमेहींच्या पायावरील व्रणांचा मोठा वाटा आहे. या रुग्णास वेदना होत नाही, म्हणून तो उशिरा येतो. बाहेरून नाण्याएवढा दिसणारा व्रण आत अस्थीपर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी ‘पंधरा दिवस तेल लावून पाहू’ हा सल्ला घातक ठरतो.

म्हणून प्रत्येक मधुमेही व्रणात तेलाची बाटली उघडण्यापूर्वी काही गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. पायाच्या पृष्ठभागावरील आणि घोट्यामागील नाडी लागते का? पायाला स्पर्शज्ञान आहे का? निर्जंतुक शलाका व्रणात घातली असता अस्थी लागते का? भोवतालची लाली पसरत आहे का? नाडी न लागणे, शलाकेला अस्थी लागणे, बोट काळे पडणे, दाबल्यावर करकर जाणवणे, दुर्गंधीसह ज्वर येणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास रुग्णास त्याच दिवशी सुसज्ज शल्यचिकित्सालयात पाठवावे. सुश्रुताच्या साठ उपक्रमांत छेदन व भेदन हे उपक्रम आहेतच. ते जेथे होऊ शकतात तेथे रुग्णास वेळेवर पोहोचविणे हेही चिकित्सेचे अंग होय. ही लक्षणे नसतील तेथे रक्तशर्करेचे नियंत्रण, व्रणावरील भार काढून घेणे आणि नियमित शोधन यांच्या जोडीने आपली रोपणद्रव्ये उत्तम साह्य करू शकतात.

औषधालयांच्या मालकांचे दायित्व येथे कमी नाही. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह व गँगरीन या दोन्हींचा समावेश आहे. ‘मधुमेही गँगरीनवर खात्रीशीर’ असा फलक दुकानात लावणे हा कायद्याने अपराध आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तो फलक वाचून एखादा रुग्ण पाय वाचविण्याचा काळ दुकानातच घालवून बसतो. गल्ल्यावर आलेल्या गृहस्थाला ‘साखरेचा आजार आहे का?’ एवढे विचारून, असल्यास तेल देण्याआधी वैद्याकडे पाठविणे, हे कोणत्याही विक्रेत्यास सहज शक्य आहे.

काय करता येईल

वैद्यांनी प्रत्येक चिरकारी व्रणासाठी एक साधे नोंदपत्रक ठेवावे. त्यात पहिल्या दिवशी व दर आठवड्यास व्रणाची लांबी, रुंदी व खोली, तळाचा वर्ण, स्राव, गंध व वेदना, अवस्था (दुष्ट, शुद्ध, रुह्यमान, रूढ), वापरलेला कल्प व त्याचा घाणा क्रमांक लिहावा. शक्य तेथे रुग्णाच्या संमतीने मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. चार आठवड्यांत व्रणाचे आकारमान निम्म्यावर आले नाही, तर निदान व उपचार या दोहोंचा फेरविचार करावा.

निर्मात्यांनी लेबलावर केवळ ‘व्रणरोपक’ असे न लिहिता कल्प कोणत्या अवस्थेसाठी आहे, उपयुक्तांग कोणते, अर्क कोणत्या द्रावकात काढला आणि आधारद्रव्य कोणते, हे स्पष्ट लिहावे. २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’ने निर्मितीतील स्वच्छतेचे आणि २०१० च्या नियम १५८-ब ने सुरक्षितता व परिणामकारकतेच्या पुराव्याचे निकष घालून दिले आहेत. त्यांकडे परवान्यापुरते न पाहता व्रणावर लावावयाच्या औषधांत स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्यूडोमोनास यांच्या अभावाची चाचणी प्रत्येक घाण्यागणिक करावी.

वैद्याच्या नोंदपत्रकातील घाणा क्रमांक आणि निर्मात्याच्या चाचणी-अहवालातील घाणा क्रमांक एकमेकांशी जुळू लागले, की कोणते तेल कोणत्या व्रणात चालले आणि कोठे चालले नाही, हे काही वर्षांत आपल्याला पुराव्यानिशी सांगता येईल. या अंकाच्या वाचकांनी येत्या तिमाहीत आपल्याकडील किमान पाच चिरकारी व्रणांची अशी नोंद ठेवून पाहावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.